आजीजवळचं लेकरू, परतलेला बाप

बालाघाटाच्या रांगेतल्या वाशी, भूम, कळंब या तालुक्यांत दसरा सरला की ऊसतोडीसाठी गावं रिकामी व्हायला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि लेकरू आजीजवळ. हंगाम संपवून टोळ्या परततात तेव्हा धाकटं लेकरू कधी कधी आईलाच ओळखत नाही. दोन दिवस आजीच्या लुगड्याआड लपतं. म्हणून धाराशिव जिल्ह्यात ‘पोराला टाकून गेला’ असं कुणाबद्दल बोलताना फार जपावं लागतं. इथं लेकरू मागं ठेवणं ही पोटासाठी केलेली सोय आहे. तिला कुणी नावं ठेवत नाही, ठेवूही नयेत.

पण समजा, अशाच एका घरातली तरणी बाई फडावर दगावली. लेकरू दोन वर्षांचं. उचल फिटलेली नाही, मुकादम दारात. दिवस झाले आणि नवरा कुणाला न सांगता निघून गेला. लेकरू आईच्या आईनं वाढवलं. आता ते नऊ वर्षांचं आहे, चौथीत जातं, आणि बाप परत आला आहे. चाकणला कंपनीत काम आहे, भाड्याची खोली आहे, दुसरं लग्न झालं आहे. तो म्हणतो, माझं लेकरू मला द्या.

या प्रश्नावर मी दोन माणसांना समोरासमोर बसवलं आहे. एक धाराशिवच्या न्यायालयात वकिली करणारा पंचेचाळिशीतला माणूस. दुसऱ्या त्याला प्राथमिक शाळेत शिकवलेल्या, आता निवृत्त झालेल्या बाई. दोघंही कल्पनेतली आहेत. त्यांच्या तोंडी आलेले कायदे आणि निकाल मात्र खरे आहेत.

बाई : यात विचारायचं काय आहे? सात वर्षं तापात कुणी जागून काढलं? शाळेत नाव कुणी घातलं? पोषण आहाराची ताटली विसरलं म्हणून परत पळत कोण आलं? म्हातारीनं. लेकरू तिचं.

वकील : बाई, मलाही म्हातारीचंच पटतं. पण तिच्याकडे कागद कोणता आहे ते सांगा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा. त्याच्या सहाव्या कलमानं लग्नातल्या मुलाचा नैसर्गिक पालक बाप, त्याच्यामागून आई. आजीचं नाव त्या कलमात कुठंच नाही. १८९० चा पालक व पाल्य कायदा तर आणखी पुढं जातो. बाप किंवा आई हयात आहे आणि न्यायालयाला तो अपात्र वाटत नाही, तोवर दुसऱ्या कुणाला मुलाचा पालक नेमताच येत नाही. एकोणिसावं कलम.

बाई : म्हणजे बापानं नुसतं जिवंत असणं पुरेसं आहे?

वकील : पालक म्हणून नाव लागायला जवळजवळ पुरेसं. लेकरू हातात मिळायला नाही. पालकत्व वेगळं आणि ताबा वेगळा. ताब्याच्या वेळी १९५६ च्याच कायद्याचं तेरावं कलम उभं राहतं : मुलाचं हित सगळ्यांच्या वर. बापाचा हक्कसुद्धा त्याच्याखाली.

बाई : मग त्या तेराव्यावरच बोल ना. सहाव्याची भीती कशाला दाखवतोस?

वकील : कारण बापाचा वकील सहाव्यापासून सुरू करणार, आणि त्याच्या हातात सर्वोच्च न्यायालयाचा ६ मे २०१९ चा निकाल असणार. प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलं. आई गरोदर असतानाच तिला कर्करोग असल्याचं कळलं. पुढं बाप क्षयानं, मेंदूपर्यंत गेलेल्या क्षयानं, इस्पितळात. तान्ही मुलगी मावश्या-मामांनी सांभाळली. ऑक्टोबर २०१८ मध्ये आई गेली. बाप बरा होऊन मुलगी मागायला गेला, तर आजोळचे देईनात. त्यानं मुंबई उच्च न्यायालयात थेट बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. आजोळच्यांनी जीव लावला होता, यात कुणालाच शंका नव्हती. तरी मुलगी बापाला मिळाली, आणि दिल्लीत न्यायमूर्ती बानुमती आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी ते कायम केलं. सांभाळणाऱ्याकडे कायद्यानं दिलेला अधिकार नसेल, तर बापाला खालच्या न्यायालयात वर्षानुवर्षं तारखा मोजायला लावायचं कारण नाही, असं त्यात ठरलं. आपला बापही उद्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाऊ शकतो.

बाई : तो बाप आजारी होता. खाटेवर पडलेल्या माणसाला परागंदा माणसाशेजारी बसवू नकोस. आणि ती मुलगी केवढी होती?

वकील : दोन वर्षांचीसुद्धा झाली नव्हती.

बाई : हे नऊचं आहे. त्याला चुलत्याचं रान ठाऊक आहे, वर्गातला जोडीदार ठाऊक आहे, आजीच्या गुडघ्याला कुठलं तेल लागतं तेही ठाऊक आहे. त्याला पोत्यासारखं उचलून चाकणच्या खोलीत नेऊन ठेवायचं?

इथं बाईंचा मुद्दा मला नुसत्या मायेचा वाटत नाही. १९७३ पासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलं आहे की मूल ही मालमत्ता नव्हे. २००८ मध्ये कोलकात्याच्या एका प्रकरणात न्यायमूर्तींनी मुलाला आपल्या दालनात बोलावून त्याच्याशी बोलणं केलं, आणि बापाच्या बाजूनं झालेला आदेश रद्द करून त्याला आईच्या आईवडिलांकडेच राहू दिलं. त्या बापावर बायकोच्या मृत्यूचा फौजदारी खटला चालू होता, हे खरं. पण मुलाचं म्हणणंही तिथं तितकंच तोललं गेलं. म्हणजे आजोळ नेहमी हरतं असं नाही. बाप कसा गेला, किती काळ गेला आणि मूल आता केवढं आहे, यावर निकाल फिरतो.

बाई : मला एक सांग, तुझ्या त्या सहाव्या कलमातच आहे ना, की संन्यास घेतला तर बापाचं पालकत्व जातं?

वकील : आहे. संसाराचा पुरता त्याग केला, वानप्रस्थ किंवा संन्यास घेतला, किंवा धर्म सोडला, तर नैसर्गिक पालक राहता येत नाही.

बाई : मग देवासाठी घर सोडलेल्याचा हक्क जातो आणि न सांगता पळालेल्याचा शाबूत राहतो? हा कुठला न्याय?

वकील : आपोआप जात नाही, एवढंच. अपात्रता सिद्ध करावी लागते. आणि त्याला सरसकट पळालेला म्हणू नका, बाई. मुकादमाच्या उचलीखाली दबलेला माणूस काय करतो ते तुम्ही पाहिलेलं आहे. बायको फडावर गेली. दुसऱ्या हंगामाला अर्धा कोयता कुणी टोळीत घेत नाही. पैसा फेडायचा कुठून? गावात तोंड दाखवायचं कसं? काहीजण तेव्हा झाडाला दोर बांधतात. हा जगला, एवढं तरी त्याच्या बाजूनं धरा.

बाई : धरते. जगला हे चांगलंच झालं. पण सात वर्षांत एक फोन नाही? पुण्याहून वाशीला एस.टी. येते. अरे, आमच्याकडची माणसं कर्नाटकातल्या कारखान्यावरून लेकराच्या जावळासाठी एका रात्रीचा प्रवास करून येतात. किती लांब गेला हे मी मोजत नाही. कितीदा विचारपूस केली ते मोजते.

वकील : न्यायालयही तेच मोजेल. पैसे पाठवले का, शाळेत कधी आला का, आजारपणात होता का. मी बापाचं वकीलपत्र घेतलं, तर पहिल्यांदा हेच विचारीन. उत्तर नाही असलं, तर त्याला सांगीन की ताब्याचा अर्ज आज करू नकोस, आधी भेटीचा कर.

बाई : गावात तर म्हणतात, सात वर्षं झाली की कायद्यानं मेलाच.

वकील : सात वर्षं ज्यांच्या कानावर यायला हवं होतं त्यांच्या कानावर काहीच आलं नाही, तर तो हयात आहे हे दाखवायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर जाते. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाचं १११ वं कलम. ते नुसतं अनुमान आहे. माणूस दारात येऊन उभा राहिला की अनुमान संपलं.

यानंतर बाईंनी जो विषय काढला तो गावोगाव कुजबुजत बोलला जातो. परतलेल्या बापाच्या भावकीतून कुणीतरी म्हणतं, पोर याचंच कशावरून? मेलेली बाई उत्तर द्यायला नसते.

बाई : यावर मात्र मी म्हणते, तपासणी कराच. डीएनए करा. तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणाऱ्यांची तोंडं एका कागदानं बंद होतील.

वकील : नको, बाई. इथं मी तुमच्या आड येणार. लग्न चालू असताना मूल जन्मलं, किंवा लग्न संपल्यावर २८० दिवसांच्या आत जन्मलं आणि आईनं मधे दुसरं लग्न केलं नाही, तर ते त्या नवऱ्याचं औरस मूल, हे कायदा निर्णायक धरतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे ११२ वं कलम होतं, १ जुलै २०२४ पासून ११६ वं. त्या काळात नवरा-बायकोचा संबंध येणंच शक्य नव्हतं, एवढं दाखवलं तरच ते मोडतं. संशय आला म्हणून रक्त तपासा, असं न्यायालय म्हणत नाही. १९९३ पासून सर्वोच्च न्यायालयाची हीच भूमिका आहे.

बाई : १८७२ साली डीएनए कुणाला माहीत होतं? खरं कळायची सोय आली आहे, तर ते झाकायचं कशाला?

वकील : झाकायचं नाही. पण उघडायचं कुणासाठी ते विचारायचं. पुण्यातल्या एका दांपत्याच्या घटस्फोटात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करायचा होता, म्हणून मुलाची डीएनए तपासणी मागितली. कौटुंबिक न्यायालयानं दिली, उच्च न्यायालयानं कायम केली. २० फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. न्यायमूर्ती नागरत्ना यांचा निकाल मिळाला तर वाचा. आईबापांच्या भांडणात मुलाचं रक्त हत्यार म्हणून वापरायचं नाही. ते मूल त्या खटल्यात पक्षकारसुद्धा नव्हतं.

बाई : आणि तपासणी झाली आणि उलटं निघालं तर?

वकील : तसंही झालं आहे. विदर्भातलं प्रकरण, २०१४ चा निकाल. तिथं तपासणी आधीच झाली होती, दुसऱ्यांदा हैदराबादच्या प्रयोगशाळेतही झाली, आणि दोन्ही वेळा नवरा बाप नाही असं आलं. विज्ञानानं दाखवलेलं सत्य समोर असताना कायद्यातलं अनुमान टिकणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. त्या मुलीची पोटगी बंद झाली. आता मला सांगा, त्या कागदानं तोंडं बंद झाली असतील की उघडली असतील?

बाई गप्प बसल्या. मला विचाराल तर इथं वकिलाचं बरोबर आहे. बाईंना कागद हवा आहे तो मेलेल्या लेकीसाठी. पण त्याची किंमत नऊ वर्षांच्या पोरानं मोजायची आहे, आणि चौथीतल्या पोराला कुणी संमती विचारत नाही. जन्माचं सत्य शोधायचा हक्क पहिल्यांदा त्या मुलाचा. दिल्लीत रोहित शेखर यांनी २००८ मध्ये काँग्रेसचे ज्येष्ठ नेते नारायण दत्त तिवारी यांच्यावर दावा लावला तेव्हा ते सज्ञान होते, आपणहून उभे राहिले होते. २०१२ मध्ये ऐंशीच्या पुढच्या तिवारींना रक्त द्यावं लागलं आणि ते बाप असल्याचं सिद्ध झालं. मात्र मुलगा स्वतः मागतो म्हणून न्यायालय दर वेळी देतंच असं नाही. केरळमधल्या एका तरुणाचा जन्म आईच्या लग्नात झालेला. त्यानं दुसऱ्याच माणसाला बाप म्हणून पोटगी मागितली. २८ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला. कायद्याच्या नजरेत औरसपण ठरलं की पितृत्वही ठरलं, आणि त्रयस्थ माणसाचंही खासगी आयुष्य असतं. उलट बाजूनं पाहिलं तर हेच तत्त्व अशा पुरुषालाही आडवं येतं, जो वर्षांनी येऊन दुसऱ्याच्या संसारातल्या मुलावर ‘रक्त माझं’ म्हणून हक्क सांगतो. आईचा नवरा घरात नांदत असेल, तर या पाहुण्याला दार उघडणं अतिशय कठीण आहे. मला त्यात अन्याय दिसत नाही.

बाई : आणि लग्नच झालं नसेल तर? आपल्याकडे अशा पोरी आहेत. शब्द देऊन पोरगा पुण्याला गेला, तो गेलाच.

वकील : तिथं क्रम उलटा होतो. लग्नाबाहेरच्या मुलाची पालक आधी आई, तिच्यामागून बाप. २०१५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अविवाहित आई स्वतःला एकटी पालक नेमून घ्यायचा अर्ज करत असेल, तर ज्यानं कधी ढुंकून पाहिलं नाही त्या बापाला नोटीस काढायचीही सक्ती नाही. जन्माच्या दाखल्यासाठी तिचं शपथपत्र पुरे. पण पोटगीतून तो सुटत नाही. लग्न असो वा नसो, मुलाचा खर्च बापावरच.

बाई : जबाबदारी आधी, हक्क मागून. हे तरी सरळ आहे. मग लग्नाच्या बापालाही हाच नियम का नाही लावत?

याचं उत्तर वकिलाकडे नव्हतं. माझ्याकडेही नाही, आणि संसदेनं कधीतरी ते द्यावं असं मला मनापासून वाटतं.

बाई : अजून एक. तू मघापासून लेकराचं बोलतोस. मी पाहिलं आहे, कितीदा लेकरू नको असतं, लेकराच्या नावचं रान हवं असतं. पोरीला तिच्या बापाच्या वाट्यातलं एकर-दीड एकर आलेलं असेल तर?

वकील : तर ते लेकराला आणि नवऱ्याला मिळून जातं. तोही वारस आहे, ते नाकारता येणार नाही. लेकराचा हिस्सा मात्र पालक म्हणून सही करून त्याला विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. १९५६ च्याच कायद्याचं आठवं कलम : न्यायालयाची आधी परवानगी लागते. म्हातारीनं तलाठ्याकडे जाऊन फेरफारात लेकराचं नाव लागलं का, एवढं बघावं.

बाई : म्हातारीला कोण सांगणार? तिला बालसंगोपन योजनेचे महिन्याला २२५० रुपये मिळतात, तेही अंगणवाडीच्या ताईनं अर्ज भरला म्हणून.

वकील : मग त्याच वेळी कुणीतरी तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात न्यायला हवं होतं. बाईमाणसाला आणि मुलाला तिथं फुकट वकील मिळतो, उत्पन्न किती ते बघत नाहीत. बाप बेपत्ता असतानाच अर्ज केला असता, त्याला अपात्र ठरवून पालकत्वाचा आदेश घेतला असता, तर आज ती मोकळ्या हातानं उभी नसती.

बाई : पोरीचा दहावा करून म्हातारीनं तुझ्याकडे यायचं होतं?

वकील : दहाव्याला नाही. पण सात वर्षांत कधीतरी. ग्रामसेवक होते, शाळा होती. तुम्हीही होतात, बाई.

बाई : होते. आम्ही प्रवेशाच्या अर्जावर पालक म्हणून तिचा अंगठा घेत राहिलो आणि आमचं काम झालं असं समजत राहिलो. हे खरं आहे.

सगळ्या संवादात मला हीच जागा सर्वांत महत्त्वाची वाटते. या जिल्ह्यात शेकडो घरांत आजी-आजोबा पालकाचं काम करतात. शाळा, दवाखाना, रेशन दुकान, बँक त्यांना पालक मानून चालतात. ते पालक नाहीत हे त्यांना पहिल्यांदा कळतं ते बाप परतल्यावर, नोटीस हातात पडल्यावर. हंगामी वसतिगृहाच्या यादीत, बालसंगोपनाच्या अर्जात, शाळेच्या पटावर ही मुलं नावानिशी आहेत. ज्यांच्या आईबापांपैकी कुणीच वर्षभर फिरकलेलं नाही, अशा मुलांच्या सांभाळकर्त्यांना कायद्याचा कागद मिळवून देणं प्रशासनाला अवघड नाही.

बाई : आता मूळ गोष्टीवर ये. लेकराला न्यायालयात उभं करून विचारणार, आजी की बाप?

वकील : समजतं झालेल्या मुलाची पसंती विचारात घेता येते, १८९० चं सतरावं कलम. बहुतेक न्यायाधीश दालनात बोलावून, वकिलांना बाहेर ठेवून बोलतात.

बाई : दालनात विचारलं तरी प्रश्न तोच राहतो ना? नऊ वर्षांच्या लेकराला असं विचारायचंच नसतं. आजी म्हणालं तर बाप तुटला, बाप म्हणालं तर आजी. रात्रभर झोपणार नाही ते. पस्तीस वर्षं पोरांत काढली म्हणून सांगते. त्याला विचारावं, सकाळी कोण उठवतं, डबा कोण भरतं, पोट दुखलं तर कुणाला सांगतोस, बाबा आले तेव्हा काय काय केलंत. उत्तर त्यातच मिळतं.

वकील : हे मी न्यायाधीशांपुढं लेखी मांडीन. बापाला एक गोष्ट करावीच लागेल. ताब्याचा अर्ज मूल नेहमी जिथं राहतं तिथल्या न्यायालयात चालतो. १८९० च्याच कायद्याच्या नवव्या कलमानं त्याला धाराशिवलाच यावं लागणार. तारखांना येतो का, येताना लेकराला भेटून जातो का, हे आपोआप दिसेल.

बाई : आणि दिसला नीट, तर?

वकील : तर लेकराला बाप मिळू द्या, बाई. आजी सत्तरीची आहे. उद्या तिला काही झालं तर या पोराचं कोण? म्हणून मी बापाला शत्रू धरायला तयार नाही. आजचं घर न मोडता त्याला आत घ्यायची वाट काढू. २०१९ च्या त्या निकालात मुलगी बापाकडे गेली, तरी आजोळचे तुटू दिले नव्हते. पहिले तीन महिने रोज दिवसभर त्यांनी बापाच्या घरी जाऊन मुलीजवळ राहायचं, मग शनिवार-रविवार, असं टप्प्याटप्प्यानं बांधून दिलं होतं. आपण ते उलटं मागू. लेकरू आजीकडे, बापानं पंधरा दिवसांतून एक रविवार गावात येऊन भेटायचं. बुधवारी संध्याकाळी फोन. दर महिन्याला लेकराच्या खात्यात पैसे. चार महिन्यांनी दिवाळीचे चार दिवस चाकणला, सोबत मामा. चौथी संपल्यावर पुन्हा न्यायालयापुढं.

बाई : त्याची दुसरी बायकोही गावात येऊन गेली पाहिजे. लेकरू तिच्या हातचं खाणार आहे.

वकील : लिहितो.

बाई : आणि लेकरू पुढं तिकडं गेलंच, तर म्हातारीला महिन्यातून एकदा भेटायचा हक्क. एस.टी.चं भाडं त्यानं द्यायचं.

वकील : आजीच्या भेटीचा हक्क म्हणून कायद्यात वेगळं कलम नाही. न्यायाधीश विचारतील, कशाखाली मागता?

बाई : तेराव्याखाली. तूच सांगितलंस मघा.

वकील : आणि बाप म्हणाला, भाडं परवडत नाही?

बाई : तर पहिल्या चार महिन्यांत तो स्वतः किती रविवार आला, ते आधी त्याला सांगायला लाव.